निशापूरचा एक वाडगा विकत घेताना

हजार वर्षांपूर्वीचा इराणी वाडगा नोकरदार माणसाच्या आवाक्यातल्या पैशांत आणि पूर्णपणे कायदेशीर मार्गाने विकत घेता येतो, हे मला २०२२ पर्यंत माहीत नव्हते. संग्रहालयात काचेआड दिसणाऱ्या वस्तू जन्मतःच संग्रहालयाच्या असतात, अशीच काहीशी माझी समजूत होती. २०२४च्या ऑगस्टमध्ये तसा एक वाडगा रीतसर विमा उतरवून माझ्या घरच्या कपाटात आला. मधल्या काळात लिलावगृह, बँक, प्रयोगशाळा, संवर्धक आणि विमा कंपनी अशा सगळ्यांशी पत्रव्यवहार करावा लागला. या विषयावर मराठीत मला वाचायला काही मिळाले नाही, म्हणून घडले तसे क्रमाने लिहून ठेवत आहे. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते आणि हिशेब तपासण्याचे काम करते. कलेच्या इतिहासाचे औपचारिक शिक्षण माझ्यापाशी नाही.

या वाटेला लागण्याचे निमित्त ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे. तिथल्या इस्लामी दालनात सर अ‍ॅलन बार्लो आणि जेराल्ड राइटलिंगर या दोन खाजगी संग्राहकांनी दिलेली भांडी आहेत, आणि ती पाहताना पहिल्यांदा लक्षात आले की यांतली पुष्कळ भांडी कोणीतरी बाजारात, पैसे मोजून, आपल्या आवडीने निवडलेली होती. माझे माहेर अलिबागचे, त्यामुळे चौलच्या उत्खननात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना पश्चिम आशियातून आलेल्या फिरोजी झिलईच्या भांड्यांची खापरे सापडली होती, हे ऐकून ठाऊक होते. ज्या भांड्यांचे तुकडे आमच्या किनाऱ्यावर उतरले त्यांचे भाऊबंद अखंड कसे दिसतात, याचे कुतूहल तेव्हापासून मनात असावे.

इराणी मृत्पात्रांचा पसारा फार मोठा आहे आणि नवख्याने आधी त्यातला एकच कोपरा निवडावा. खोरासानातल्या निशापूर शहरात सामानी राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण नवव्या-दहाव्या शतकांत, तांबूस किंवा पिवळसर मातीच्या वाडग्यांवर पांढऱ्या मातीचा पातळ लेप देऊन त्यावर काळ्या-तपकिरी रंगात कुफी लिपीतले अरबी शब्द आणि वाक्ये लिहीत, आणि सगळ्यावर शिशाची पारदर्शक झिलई चढवीत. शिशाच्या झिलईखाली रंग भट्टीत ओघळतात, म्हणून तिथले कुंभार रंग मातीच्या लेपात कालवून मगच लावत; त्यामुळे त्या अक्षरांच्या कडा आजही धारदार दिसतात. काही वाडग्यांवर 'औदार्य हा स्वर्गातल्या लोकांचा गुण आहे' अशी पूर्ण वाक्ये असतात, तर साध्या वाडग्यांवर 'बरकत' यासारखा एखादाच शब्द काठाभोवती पुन्हा पुन्हा फिरतो.

काशानची तऱ्हा वेगळी. तिथे बाराव्या शतकाच्या अखेरीला भांड्याचे अंगच मातीऐवजी मुख्यतः गारगोटीच्या चुऱ्याचे असे. कुंभाराच्या घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ साली लिहून ठेवलेल्या कृतीत दहा भाग गारगोटी, एक भाग काच आणि एक भाग पांढरी माती असे प्रमाण दिले आहे. त्यावर चांदी आणि तांब्याच्या क्षारांनी रंगवून, कमी हवेच्या भट्टीत दुसऱ्यांदा भाजून आणलेली सोनेरी चमक म्हणजे लस्टर, आणि झिलईवर अनेक रंगांत काढलेली राजे, घोडेस्वार, वादक यांची चित्रे म्हणजे मिनाई. दोन्ही प्रकार डोळ्यांचे पारणे फेडतात आणि दोन्हींपासून नवख्याने चार हात लांब राहावे असे माझे मत आहे. चांगल्या मिनाई वाडग्याची किंमत पाच आकडी पौंडांत जाते हे एक कारण, आणि बाजारातले अनेक मिनाई वाडगे वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे जुळवून, मधल्या फटी भरून, त्यावर घोडेस्वाराचे अर्धे तोंड नव्याने रंगवून तयार झालेले असतात हे दुसरे. निशापूरचा दुरुस्त केलेला साधा वाडगा मात्र लंडनबाहेरच्या लिलावांत काहीशे ते दीड-दोन हजार पौंडांत जाताना मी पाहत होते. माझा कोपरा ठरला.

२०२२-२३चा हिवाळा पाहण्यात गेला. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरची मृत्पात्रांची दालने आणि ब्रिटिश म्युझियममधले २०१८ साली उघडलेले इस्लामी जगताचे दालन, दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर गेले तर निवांत पाहता येते. पण काचेआडच्या वस्तूचे बूड दिसत नाही, आणि या छंदात बूडच सगळ्यात बोलके असते. अ‍ॅशमोलियनच्या अभ्यासकक्षात आगाऊ वेळ घेऊन राखीव साठ्यातल्या वस्तू जवळून पाहता येतात. मी फेब्रुवारीत अर्ज केला, संग्रहसूचीतले क्रमांक कळवले, आणि काही आठवड्यांनी एप्रिलमधली वेळ मिळाली. अर्जात 'मला इस्लामी भांडी पाहायची आहेत' असे मोघम न लिहिता नेमके क्रमांक आणि कारण लिहावे. काम लवकर होते.

त्या दुपारी टेबलावरच्या मऊ गादीवर ठेवलेला वाडगा उलटा करून दाखवला गेला, तेव्हा पुस्तकी माहिती डोळ्यांत उतरली. बुडाला झिलई नव्हती. माती उघडी, फिकट विटकरी, आणि तिच्यात बारीक पांढरे कण. आतल्या बाजूला तळाशी तीन छोटे व्रण होते. भट्टीत वाडगे एकावर एक रचताना मध्ये मातीची तिपाई ठेवत, तिच्या टोकांच्या त्या खुणा. झिलईला जाळीसारख्या बारीक चिरा होत्या आणि एका बाजूला, शतकानुशतके जमिनीत राहिल्यामुळे आलेला, रुपेरी-इंद्रधनुषी थर, जो बोटाने पुसून जाणारा नसतो. ही दुपार नसती तर पुढे लिलावाच्या टेबलावर मी काय पाहायचे हेच मला कळले नसते.

वाडग्याआधी मला कायदा समजून घ्यायचा होता, कारण चोरीच्या उत्खननातली वस्तू घरात आणायची नव्हती. निशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने १९३५ ते १९४० या काळात आणि पुन्हा १९४७ मध्ये शास्त्रीय उत्खनन केले. पण बाजारात फिरणारी निशापुरी भांडी बहुतेक तिथली नव्हेत, ती स्थानिक खणाखणीतून आलेली आहेत. इराणने १९३० सालीच पुरातन वारसा संरक्षणाचा कायदा केला, ज्यानुसार परवान्याशिवाय उत्खनन आणि निर्यात दोन्ही बेकायदा होती. परवाना घेऊन मात्र दोन्ही करता येत असे. सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात-निर्यात रोखण्यासाठीचा १९७०चा युनेस्को करार इराणने १९७५ मध्ये स्वीकारला आणि ब्रिटनने थेट २००२ मध्ये. ब्रिटनमध्ये २००३च्या कायद्याने अवैधरीत्या उकरलेल्या वस्तूंचा जाणूनबुजून अप्रामाणिकपणे केलेला व्यवहार गुन्हा ठरला, आणि २००७ साली इराणमधल्या जिरोफ्ट भागातल्या पुरातन वस्तूंच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की इराणी कायद्याने मिळालेली मालकी इराण सरकार इथल्या न्यायालयात सांगू शकते. संग्रहालये साधारणपणे १९७० ही मर्यादा धरतात: त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर आल्याचा पुरावा असेल तरच पुढे बोलायचे. मीही तीच मर्यादा धरली, आणि शक्य असेल तिथे तेहरानहून बाहेर पडल्याचा कागद मागायचा असे ठरवले. यामुळे पर्याय खूपच कमी झाले, हे उघड सांगते. त्या उन्हाळ्यात मी विचारणा केलेल्या बहुतेक ठिकाणांहून 'जुना युरोपीय संग्रह' एवढेच उत्तर आले. जुना म्हणजे कोणत्या सालचा, असे पुन्हा विचारले की पत्रव्यवहार थांबत असे.

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एका प्रांतिक लिलावगृहाच्या कॅटलॉगमध्ये माझा वाडगा दिसला. व्यास १९ सेंटीमीटर, म्हणजे दोन माणसांची आमटी मावेल एवढा. पांढऱ्या जमिनीवर काठालगत 'बरकत' हा शब्द चार वेळा. 'निशापूर, दहावे शतक, दुरुस्त्यांसह'. अंदाजित किंमत ६०० ते ८०० पौंड. इथे कॅटलॉगची भाषा नीट वाचावी लागते. 'निशापूर, दहावे शतक' असे लिहिले तर तो लिलावगृहाचा दावा असतो. 'निशापूर शैलीतला' किंवा 'निशापूर पद्धतीचा' असे लिहिले तर त्यांनी कसलीच हमी दिलेली नसते, आणि वस्तू गेल्या महिन्यात केलेली निघाली तरी तक्रारीला जागा राहत नाही. विक्रीच्या अटी कॅटलॉगच्या शेवटी बारीक अक्षरांत असतात. त्या वाचण्यात एक संध्याकाळ घालवावी.

मी त्याच दिवशी स्थितीचा अहवाल, बुडाचे फ्लॅशविना काढलेले छायाचित्र आणि मालकीच्या इतिहासाचे सर्व कागद मागवले. अहवाल दोन दिवसांत आला, कागदांना दोन आठवडे लागले. विकणारे कुटुंब इंग्रज होते. घरातले वडील साठच्या दशकात कामानिमित्त तेहरानमध्ये होते. त्यांनी जपून ठेवलेले एक बिल तेहरानच्या फिरदौसी रस्त्यावरच्या दुकानाचे होते, फारसीत, हाताने लिहिलेले, आणि सोबत घरसामान इंग्लंडला पाठवतानाच्या यादीची प्रत, जिच्यात 'मातीचे जुने वाडगे, दोन' अशी नोंद आणि शिक्का होता. बिल कार्यालयातल्या एका इराणी सहकाऱ्याने वाचून दिले. त्यावरचे साल १३४५, म्हणजे सौर हिजरी गणनेने मार्च १९६६ ते मार्च १९६७. अशी बिले तपासताना लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट त्यांनीच सांगितली: १९७६ ते १९७८ या काळात इराणमध्ये शाही कालगणना लागू होती आणि सरकारी कागदांवर २५३५, २५३६ अशी साले पडत, त्यामुळे त्या दोन वर्षांतल्या सरकारी शिक्क्यावर तेराशेचे साल दिसले तर भुवया उंचावाव्यात.

शिवाय लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडे चोरीच्या वस्तूंच्या नोंदींत शोध घेण्याचा अर्ज केला. मोठी लिलावगृहे महागड्या वस्तूंसाठी हा शोध स्वतः घेतात. स्वस्त वस्तूंसाठी तो झाला आहे का हे विचारून घ्यावे. मला सुमारे ९५ पौंड पडले आणि प्रमाणपत्र आठवडाभरात आले. त्याची मर्यादा मात्र ओळखून असावे. ज्या वस्तूची चोरी कोणी नोंदवली आहे तीच तिथे सापडते. रात्रीच्या अंधारात जमिनीतून उकरलेल्या वाडग्याची चोरी नोंदवणार कोण? म्हणून हे प्रमाणपत्र त्या फारसी बिलाची जागा घेऊ शकत नाही.

विक्रीच्या आदल्या दिवशी वस्तू प्रत्यक्ष पाहण्याची वेळ असते. मी भिंग आणि अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च घेऊन गेले. ३६५ नॅनोमीटरची घ्यावी, स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्चने फारसे काही दिसत नाही. कर्मचाऱ्यांनी आढेवेढे न घेता मागच्या खोलीतला दिवा बंद करून दिला. साध्या उजेडात वाडगा बऱ्यापैकी अखंड दिसत होता. अतिनील प्रकाशात तळापासून काठापर्यंत जाणाऱ्या तीन रेषा नारिंगी उजळल्या. नारिंगी म्हणजे लाख. जुन्या काळचे दुरुस्ती करणारे लाखेने तुकडे जोडत, त्यामुळे ही दुरुस्ती जुनी असावी, आणि ती साठच्या दशकाच्या बिलाशी जुळत होती. काठाजवळ दोन बोटे रुंदीचा एक पट्टा मात्र निळसर-पांढरा चमकत होता. तो अलीकडचा भराव. त्यावरचे एक अक्षर नंतर कोणीतरी रंगवले होते, आणि भिंगातून पाहिल्यावर कळत होते की त्या अक्षराच्या कडा मऊ आहेत, शेजारच्यांसारख्या कापीव नाहीत, शिवाय झिलईच्या चिरांची जाळी त्या पट्ट्याच्या सीमेवर येऊन अचानक थांबते. तळाशी तिपाईचे तीनही व्रण होते. बुडाची माती फिकट विटकरी होती. हे सगळे पाहूनही मला वाडगा हवाच होता, कारण निशापूरचा जमिनीतून आलेला वाडगा न फुटलेला मिळणे जवळजवळ अशक्य. तुम्हाला कोणी अगदी निर्दोष वाडगा दाखवला तर उलट जास्त चौकशी करावी.

बोलीची मर्यादा आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवली. हातोडा पडतो त्या किमतीवर तिथे २५ टक्के खरेदीदाराचा अधिभार होता आणि त्या अधिभारावर २० टक्के कर, म्हणजे एकूण किंमत हातोड्याच्या किमतीच्या १.३ पट. माझी एकूण तयारी १,३०० पौंडांची, म्हणून बोली १,०००च्या पुढे न्यायची नाही. संकेतस्थळावरून थेट बोली लावली तर वर आणखी काही टक्के द्यावे लागतात, म्हणून मी दूरध्वनीवरून बोली लावण्याची सोय मागितली. तिला वेगळा आकार नव्हता, पण ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चोवीस तास आधी द्यावा लागला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भर कामाच्या वेळी फोन आला. समोर एकच बोलीदार उरला होता आणि किंमत पन्नास-पन्नासने चढत होती. ९५० ला हातोडा पडला. एकूण १,२३५ पौंड. सगळा प्रकार दोन मिनिटांतच आटोपला असावा, पण हाताला सुटलेला घाम बराच वेळ गेला नाही.

यानंतर घोडे अडले ते बँकेत. पैसे पाठवताना तपशिलाच्या रकान्यात मी सरळ मनाने 'पर्शियन वाडगा' असे लिहिले, आणि इराणवरच्या आर्थिक निर्बंधांमुळे तो शब्द दिसताच त्यांच्या यंत्रणेने व्यवहार रोखून धरला. व्यवहार कशासाठी, वस्तू कुठे आहे, इराणमधल्या कोणाला पैसे जाणार आहेत का, अशी प्रश्नावली आली. मी पावती, कॅटलॉगचे पान आणि वस्तू १९६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आल्याचे कागद पाठवले. आठवड्याहून जास्त गेला. इकडे लिलावगृहाच्या नियमानुसार ठरावीक दिवसांनंतर साठवणुकीचे भाडे सुरू होणार होते. त्यांना बँकेचे पत्र पाठवून मुदत मागितली आणि त्यांनी ती दिली. व्यवहारात काही गैर नसतानाही, त्या दिवसांत पोस्टाची पेटी उघडताना उगाच धाकधूक वाटायची. तपशिलात फक्त पावतीचा आणि लॉटचा क्रमांक लिहावा. इंग्लंडबाहेरून वस्तू मागवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की शंभर वर्षांहून जुन्या वस्तूवर इथे आयातीच्या वेळी ५ टक्के कर आकारला जातो. युरोपीय संघात राहणाऱ्यांना २८ जून २०२५ पासून अडीचशे वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंसाठी आयात परवाना लागतो. अमेरिकेत इराणी मूळच्या मालावर स्वतंत्र निर्बंध आहेत. तिथल्या वाचकांनी बोली लावण्याआधीच जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

वाडगा आणायला आम्ही गाडीने गेलो, कारण टपालाने पाठवायला ते तयार नव्हते आणि खाजगी पॅकिंगवाल्याने ७५ पौंड सांगितले. खोक्यात खोका, मध्ये चारही बाजूंनी फोम, आणि वाडगा आम्लविरहित कागदात. तो उचलताना काठाला धरायचे नाही. एक तळवा बुडाखाली आणि दुसरा अंगाला. जुन्या जोडांवरची लाख कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

डिसेंबरमध्ये मी तो औष्णिक दीप्तीच्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत नेला. मातीतले गारगोटीचे कण आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गातून ऊर्जा साठवत राहतात; भट्टीत भाजताना हा साठा शून्य होतो आणि तिथून पुन्हा मोजणी सुरू होते. प्रयोगशाळेत चिमूटभर भुकटी तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते, आणि तिच्यावरून शेवटची भाजणी केव्हा झाली याचा अंदाज बांधता येतो. वर्ष कळत नाही. हजार वर्षांपूर्वीचे की शंभर वर्षांपूर्वीचे एवढे कळते, आणि ते पुरेसे असते. भुकटी काढण्यासाठी बुडाला बारीक छिद्र पाडावे लागते, याची मनाची तयारी ठेवावी. मी एकाऐवजी दोन ठिकाणची भुकटी मागितली, एक बुडाची आणि एक काठाजवळच्या तुटलेल्या कडेची, कारण अस्सल जुन्या बुडावर नवा वाडगा चढवण्याची युक्ती बाजाराला ठाऊक आहे. दोन्हींचे मिळून ४१० पौंड झाले. नाताळच्या सुट्ट्यांमुळे निकाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला: दोन्ही नमुने दहाव्या शतकाशी सुसंगत. साडेबाराशे पौंडांच्या वस्तूवर चारशेची चाचणी हा हिशेब तसा डोळ्यांत खुपणारा आहे, आणि अनुभवी संग्राहक तो करत नाहीत. पहिल्या खरेदीला मात्र मी तो टाळला नसता.

मधल्या काळात आईला फोनवर छायाचित्र दाखवले. तिने चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले.

"अगं, हा जोडलेला आहे की काय? फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात."

"आई, हजार वर्षं जमिनीखाली होता तो. फुटणारच ना?"

"तुला पटतंय ना, मग झालं. पण त्यात नैवेद्य-बिवेद्य ठेवू नकोस म्हणजे झालं."

नैवेद्याचा प्रश्न तिने गमतीने काढला असला तरी मुद्दा खरा होता: शिशाच्या झिलईच्या जुन्या भांड्यात खाद्यपदार्थ कधीही ठेवू नयेत.

संवर्धक शोधताना इन्स्टिट्यूट ऑफ कॉन्झर्व्हेशन या संस्थेची नोंदवही उपयोगी पडते. तिच्यात मान्यताप्राप्त संवर्धक कामाच्या प्रकारानुसार शोधता येतात. मी दोघींकडून लेखी अंदाज मागवले आणि मार्चमध्ये एकीकडे वाडगा सोपवला. अंदाज ५४० पौंडांचा होता आणि प्रतीक्षा चार महिन्यांची, कारण त्यांच्याकडे संग्रहालयांची कामे आधी रांगेत होती. त्यांनी लाख विरघळवून जोड सोडवले, कडा साफ केल्या, आणि पॅरालॉइड बी-७२ या चिकट द्रव्याने तुकडे पुन्हा जोडले. ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे उद्या कोणाला जोड पुन्हा सोडवायचे असतील तर वाडग्याला इजा न होता सोडवता येतात. वाडगा एकूण सहा तुकड्यांचा निघाला.

खरा निर्णय त्या निळसर पट्ट्याचा होता. वरचा रंग काढल्यावर त्याखाली कोरा भराव निघाला आणि 'बरकत'मधले एक अक्षर नाहीसे झाले. संवर्धकांनी दोन पर्याय दिले: ते अक्षर शेजारच्यांच्या नमुन्यावरून पुन्हा रंगवायचे, किंवा भरावाला पांढऱ्या जमिनीपेक्षा किंचित फिकी छटा देऊन जागा रिकामी ठेवायची. मी दुसरा पर्याय निवडला. दहाव्या शतकातल्या कुंभाराच्या हाताची वळणे आज कोणी कितीही कौशल्याने काढली तरी पाहणाऱ्याची फसवणूकच होणार, आणि ज्या रंगकामाला मी टॉर्च घेऊन शोधत होते तेच पैसे देऊन करून घेणे मला पटेना. घरी येणारे पाहुणे त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून विचारतात, हे खरे. सांगायला वेळ लागतो, पण सांगते. जुलैअखेर काम पूर्ण झाले, सोबत कामाआधीची आणि नंतरची छायाचित्रे आणि वापरलेल्या द्रव्यांची यादी असलेला लेखी अहवाल मिळाला. तो मागून घ्यावा. नाही मागितला तर काही जण देत नाहीत.

वाडगा अलिबागला न्यावा अशी इच्छा होती, निदान काही वर्षांसाठी. चौकशी केली आणि ती बाजूला ठेवली. भारताच्या १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमात शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूची व्याख्या करताना ती भारतातच घडलेली असावी अशी अट नाही, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे विमानतळावर रीतसर जाहीर करून, कर भरून वाडगा आत नेला तरी तो परत आणण्याची वाट बंद होण्याचा धोका मोठा. भारतात कायमचे परतायचे ठरलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सगळी कागदपत्रे सोबत ठेवून सीमाशुल्क दलालामार्फतच हे काम करावे, बॅगेत कपड्यांत गुंडाळून मुळीच नेऊ नये.

ऑगस्टमध्ये घराच्या विम्यात वाडग्याची स्वतंत्र नोंद केली. विमा कंपनीने पावती, दोन्ही अहवाल आणि सहा बाजूंची छायाचित्रे मागितली; वर्षाला ३८ पौंड वाढले. वर्णन लिहिताना ऑब्जेक्ट आयडी हा आंतरराष्ट्रीय नमुना वापरला. त्यात माप, साहित्य, लेख आणि ओळखीच्या विशेष खुणा असे रकाने असतात, आणि उद्या दुर्दैवाने चोरी झालीच तर पोलिसांना तो थेट देता येतो. विशेष खुणांत मी ते रिकामे अक्षर, बुडाचे छिद्र आणि तिपाईच्या तीन व्रणांमधली अंतरे लिहिली. सगळा खर्च विम्याचा हप्ता सोडून २,२८० पौंड, त्यातले १,०४५ वाडग्याच्या किमतीव्यतिरिक्त. पैसे बाजूला काढताना या दुसऱ्या आकड्याचीही तरतूद करावी. कागदांची मूळ फाइल वाडग्याजवळ न ठेवता वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे, आणि माझ्या पश्चात वाडगा ज्याच्याकडे जाईल त्याला फाइलही मिळावी अशी ओळ मृत्युपत्रात घातली आहे, कारण हे कागद नसतील तर या वाडग्याला पुढे कोणतेही चांगले संग्रहालय हात लावणार नाही.

त्यानंतर काशानचा एक फिरोजी वाडगा मला फार आवडला होता, पण त्याचा मागोवा नव्वदच्या दशकापलीकडे जाईना, म्हणून सोडला. सध्या गोंब्रून प्रकारच्या भांड्यांकडे लक्ष आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकात घडलेली ही पांढरी, पातळ भांडी, ज्यांच्या अंगाला छिद्रे पाडून ती पारदर्शक झिलईने भरलेली असतात. ज्या बंदरातून ती जहाजांवर चढत त्याचे, म्हणजे आजच्या बंदर अब्बासचे, जुने नाव त्यांना चिकटले. व्यापाराचा माल म्हणून त्यातली बरीच भांडी तेव्हाच युरोपात पोहोचली आणि घराघरांत नांदली, त्यामुळे बेकायदा उत्खननाची धास्ती त्यांच्याबाबतीत बरीच कमी असते. अशा एका वाडग्याचे १९३०च्या दशकातले बिल शोधून पाठवतो असे विक्रेत्याने कळवले आहे. ते आले की पाहायला जाण्याची वेळ ठरवायची आहे. टॉर्चचे सेल आधीच बदलून ठेवले आहेत.